काल जुळलेली रिमोट डेस्कटॉप जोडणी आज का जुळत नाही?

घरातल्या एका संगणकासमोर बसून दुसऱ्या संगणकाचा पडदा उघडावा आणि तिथले काम इथूनच करावे, ही सोय विंडोजमध्ये २००१ सालच्या एक्सपी प्रोफेशनलपासून आहे आणि ती पहिल्यांदा सुरू करून घेणे फारसे अवघडही नाही. खरा त्रास नंतर सुरू होतो. जोडणी आठवडाभर बिनतक्रार चालते आणि एके सकाळी दूरच्या संगणकाशी संपर्क होत नसल्याचा संदेश येतो. तो संगणक बंद करून पुन्हा चालू केला की सारे सुरळीत होते आणि तीन-चार दिवसांनी तोच संदेश पुन्हा समोर उभा राहतो. या लेखात विचार केला आहे तो अशा पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या बिघाडाचाच. ज्या संगणकाचा पडदा उघडायचा आहे त्याला मी यजमान म्हटले आहे आणि ज्याच्यासमोर आपण बसलो आहोत त्याला पाहुणा.

यजमान संगणक बंद करून पुन्हा चालू केल्याने जोडणी जुळते, हे खरे आहे; पण त्याने बिघाड दुरुस्त होत नाही, उलट त्याचा पुरावा पुसला जातो. पुन्हा चालू होताना यजमान झोपेतून जागा होतो, राउटरकडे नव्याने पत्ता मागतो, रिमोट डेस्कटॉपची सेवा पुन्हा उभी राहते, अडकलेले सत्र संपते आणि डिस्प्लेचा ड्रायव्हर नव्याने बसतो. या पाचांपैकी नेमक्या कशामुळे काम झाले, ते कधीच कळत नाही. म्हणून पुढच्या वेळी जोडणी तुटेल तेव्हा बटणाकडे हात जाण्यापूर्वी दहा मिनिटे तपासासाठी द्यावीत आणि तुटल्याची वेळ कागदावर लिहून ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

वेळ लिहून ठेवण्याला मी इतके महत्त्व देतो, कारण नेमाने परतणाऱ्या बिघाडामागे बहुधा कुठलेतरी घड्याळ चालत असते आणि त्या घड्याळाचा काटा किती वेळात फिरतो यावरून दोषी कोण ते बरेचसे ओळखता येते. दोन मिनिटांत तुटणारी जोडणी झोपेच्या एका लपलेल्या सेटिंगकडे बोट दाखवते. दहा मिनिटांनी आपोआप सुधारणारी अडचण खाते तात्पुरते कुलूपबंद झाल्याची असू शकते. दिवसाआड येणारी अडचण पत्त्याची, महिन्यातून एकदा येणारी विंडोजच्या सुधारणांची आणि फक्त कामाच्या वेळात येणारी बहुतेकदा कार्यालयाच्या व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या बंदिस्त खाजगी जोडणीची, असते.

माझ्या घरी खालच्या मजल्यावर डेस्कटॉप आहे आणि वरच्या खोलीत लॅपटॉप. जवळजवळ महिनाभर ही जोडणी मला छळत होती आणि मी प्रत्येक वेळी खाली जाऊन डेस्कटॉप पुन्हा चालू करत होतो. अखेर वेळा लिहायला लागलो तेव्हा दिसले की कारण एक नाही, दोन आहेत. एकमेकांशी संबंध नसलेली ही दोन कारणे एकाच संदेशाआड लपलेली होती. ती दोन्ही पुढे यथास्थळी सांगतो.

आधी एक खात्री

विंडोजच्या होम आवृत्तीला यजमान होता येत नाही. प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन या आवृत्त्यांनाच ते शक्य आहे. होम आवृत्तीवरून पाहुणा म्हणून दुसरीकडे जोडता मात्र येते. जोडणी एकदाही जुळली नसेल तर सेटिंग्जमधल्या सिस्टिम विभागात, अबाउट या पानावर, आवृत्ती पाहून घ्यावी. पूर्वी जुळत होती आणि आता जुळत नसेल तर हा मुद्दा सोडून पुढे जावे.

साखळी कुठे तुटते

जोडणी पूर्ण होण्यासाठी यजमान जागा असावा लागतो, आपण ज्या पत्त्यावर हाक मारतो त्या पत्त्यावर तोच असावा लागतो, त्याने ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपच्या हाका ऐकण्याचे दार, उघडे ठेवलेले असावे लागते, त्याने आपली ओळख मान्य करावी लागते आणि मग पडद्याचे चित्र इकडे यावे लागते. तपास याच क्रमाने करावा, कारण आधीची कडी तुटलेली असताना पुढच्या कडीवर केलेली सारी मेहनत वाया जाते. नाव-पासवर्ड विचारणारी चौकट उघडत असेल तर पहिल्या तीन कड्या शाबूत आहेत असे समजावे. त्या अवस्थेत राउटरला हात लावण्याचे कारण नाही. चौकट उघडतच नसेल आणि बराच वेळ वाट पाहून संदेश येत असेल तर पासवर्ड बदलून पाहण्यात अर्थ नाही.

या दोन अवस्था वेगळ्या करण्यासाठी पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा-खिडकीतील टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा फार उपयोगी आहे. पाहुण्या संगणकावरून तिला यजमानाचा पत्ता आणि ३३८९ हे पोर्ट द्यावे. शेवटच्या ओळीत, त्या पोर्टशी संपर्काची टीसीपी चाचणी यशस्वी झाली की नाही, याचे उत्तर ट्रू किंवा फॉल्स असे येते. अनेक जण इथे केवळ पिंग करून, म्हणजे छोटा चाचणी-संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहून, निष्कर्ष काढतात आणि फसतात. यजमानाचे नेटवर्क पब्लिक म्हणून नोंदलेले असेल तर विंडोजचे फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी वाहतूक अडवणारा पहारा, पिंगला सहसा उत्तर देत नाही, त्यामुळे पिंग निष्फळ ठरले म्हणून यजमान मेला असे होत नाही. पिंगनंतर एआरपी तक्त्यात, म्हणजे कोणत्या पत्त्यामागे कोणते नेटवर्क कार्ड आहे याच्या यादीत, यजमानाच्या कार्डाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता दिसला म्हणून तो जागा आहे, असेही ठरत नाही, कारण काही नेटवर्क कार्डे संगणक झोपलेला असतानाही एआरपीच्या हाकेला त्याच्या वतीने उत्तर देतात. या बारकाव्यामुळे मी स्वतः दोन संध्याकाळी चुकीच्या दिशेने घालवल्या आहेत.

यजमानापर्यंत चालत जाणे शक्य असेल तर त्याच्यावरही एक गोष्ट पाहावी. कमांड प्रॉम्प्टमध्ये क्यूविनस्टा ही आज्ञा दिली की सत्रांची यादी येते आणि तीत आरडीपी-टीसीपी या नावापुढे लिसन असे लिहिलेले असले पाहिजे. ते असेल आणि तरीही पाहुण्याकडून पोर्टची चाचणी फसत असेल तर दोष दोहोंच्या मधल्या रस्त्यात आहे. ते नसेल तर रिमोट डेस्कटॉपचा मुख्य खटका बंद झाला आहे किंवा रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस ही सेवा थांबली आहे.

झोपलेला यजमान

माझ्या अनुभवात घरगुती जोडण्यांच्या तक्रारींमध्ये सर्वांत मोठा वाटा झोपेचा असतो, म्हणून इथे थोडे रेंगाळणे भाग आहे. पडदा काळा होणे आणि संगणक झोपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडदा बंद झाला तरी रिमोट डेस्कटॉपला काही फरक पडत नाही. संगणक झोपला की मात्र हाक ऐकायला कोणी उरत नाही. यजमान झोपला होता की नाही हे अंदाजाने ठरवण्याची गरज नसते. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या सिस्टिम नोंदींमध्ये कर्नल-पॉवर या स्रोताची ४२ क्रमांकाची नोंद संगणक झोपायला गेल्याची असते आणि पॉवर-ट्रबलशूटर या स्रोताची १ क्रमांकाची नोंद तो जागा झाल्याची; या दुसऱ्या नोंदीत झोपेची वेळ, जागे होण्याची वेळ आणि जागे होण्याचे कारणही दिलेले असते. आपण कागदावर लिहिलेली तुटण्याची वेळ या दोन नोंदींच्या मध्ये पडत असेल तर तपास इथेच संपला.

डेस्कटॉप यजमान रोज लागत असेल तर त्याची झोप सरळ बंद ठेवावी आणि पडदा मात्र दहा मिनिटांत बंद होऊ द्यावा, असे माझे मत आहे. विजेची बचत महत्त्वाची आहे, हे मला मान्य आहे. ज्यांना ती करायची आहे त्यांनी यजमान झोपू द्यावा आणि लागेल तेव्हा नेटवर्कवरून जागा करावा. यासाठी जे संदेश-पाकीट पाठवले जाते त्याची रचना अगदी साधी आहे. सुरुवातीला सर्व बिट एक असलेले ६ बाइट आणि त्यामागे यजमानाच्या नेटवर्क कार्डाचा ६ बाइटांचा हार्डवेअर पत्ता १६ वेळा, असे एकूण १०२ बाइट त्यात असतात. ते मिळाले की कार्ड संगणकाला उठवते. मात्र कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये आणि विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बायोसमध्ये तशी परवानगी दिलेली असावी लागते. हे काम तारेच्या जोडणीवर भरवशाने होते. वाय-फायवर ते कधी होते, कधी होत नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आले आहे आणि शट डाउन केल्यावर संगणक पूर्ण बंद न होता एका मिश्र अवस्थेत जातो. त्या अवस्थेतून अशा पाकिटाने उठण्याची हमी विंडोज देत नाही. ज्यांना यजमान दुरून उठवायचा आहे त्यांनी तो बंद न करता झोपवावा.

इथेच माझ्या घरच्या दोन कारणांपैकी पहिले दडलेले होते. वरून पाकीट पाठवले की खालचा डेस्कटॉप उठत असे आणि पोर्टची चाचणी यशस्वी होत असे. मी कागदपत्रे शोधून परत येईपर्यंत मात्र तो पुन्हा गप्प झालेला असे. झोपेचे सेटिंग तर ३० मिनिटांचे होते. कारण असे निघाले की संगणक माणसाने कळफलक दाबून न उठवता नेटवर्कने किंवा ठरवून दिलेल्या कामाने उठवला तर विंडोज त्याला वेगळे, बरेच छोटे घड्याळ लावते. या घड्याळाची मूळ मुदत २ मिनिटांची असते आणि ते नेहमीच्या पॉवर सेटिंग्जमध्ये दिसत नाही. सिस्टिम अनअटेंडेड स्लीप टाइमआउट असे त्याचे नाव आहे. पॉवरसीएफजी या आज्ञेने ते दृश्यमान करून मी त्याची मुदत ३० मिनिटे केली आणि दोन मिनिटांची ही तक्रार त्या दिवसापासून पुन्हा आली नाही.

लॅपटॉप यजमान असेल तर प्रश्न अधिक नाजूक होतो. अनेक नव्या लॅपटॉपांमध्ये जुन्या पद्धतीची झोप नसते. त्यांच्यात मॉडर्न स्टँडबाय, म्हणजे फोनसारखी अर्धवट जागी झोप, असते आणि त्या अवस्थेत, विशेषतः बॅटरीवर असताना, नेटवर्क तोडले जाऊ शकते. आपला लॅपटॉप कोणत्या प्रकारचा आहे ते पॉवरसीएफजी आज्ञेला ए हा पर्याय देऊन कळते. झाकण मिटल्यावर काय करायचे, हे सेटिंग चार्जर लावलेला असताना आणि नसताना वेगवेगळे असते, ही गोष्टही सहज नजरेतून सुटते.

पत्ता बदललेला यजमान

राउटर घरातल्या प्रत्येक संगणकाला जो आयपी पत्ता देतो तो कायमचा नसतो, भाडेपट्ट्याने दिलेला असतो. पट्ट्याची मुदत अनेक घरगुती राउटरांत २४ तासांची असते. संगणक चालू असेल तर मुदत निम्मी संपताच तो नूतनीकरण मागतो आणि बहुधा तोच पत्ता त्याच्याकडे राहतो. त्यामुळे रोज चालू राहणाऱ्या यजमानाचा पत्ता महिनोन्महिने बदलत नाही आणि आपण तो कायमचा आहे असे धरून चालतो. दोन दिवस घर बंद राहिले किंवा वीज गेल्यामुळे राउटर पुन्हा चालू झाला आणि त्याची यादी पुसली गेली की तोच पत्ता एखाद्या फोनला मिळतो आणि आपली हाक त्या फोनकडे जाते. सुटीवरून परतल्यावर किंवा वीज जाऊन आल्यावर जोडणी तुटत असेल तर संशय इथेच घ्यावा. यजमानावर आयपीकॉन्फिग ही आज्ञा देऊन पत्ता पाहणे हे एका मिनिटाचे काम आहे. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही असे समजावे.

यावर योग्य उपाय राउटरमध्ये आरक्षण करण्याचा आहे, म्हणजे अमुक हार्डवेअर पत्त्याच्या संगणकाला नेहमी अमुकच आयपी पत्ता द्यावा, अशी नोंद राउटरमध्ये करून ठेवायची. यजमानावर हाताने कायमचा पत्ता लिहून ठेवण्याचा दुसरा मार्गही बरेच जण सांगतात; तो पत्ता राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यातला निघाला तर एक दिवस दोन उपकरणे एकाच पत्त्यावर हक्क सांगतात आणि जोडणी कधी इकडे, कधी तिकडे जाते, म्हणून मी आरक्षणच पसंत करतो.

आरक्षण करूनही पत्ता बदलत असेल तर आरक्षण ज्या हार्डवेअर पत्त्यावर उभे आहे तोच बदलतो आहे का, हे पाहावे. विंडोजच्या वाय-फाय सेटिंग्जमध्ये रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस नावाचा एक खटका आहे आणि एखाद्या नेटवर्कसाठी तो रोज बदल या पर्यायावर असेल तर राउटरला यजमान रोज नवा संगणक वाटतो. बाहेरच्या अनोळखी वाय-फायवर ही सोय मोलाची आहे, पण घरच्या नेटवर्कसाठी यजमानावर ती बंद करावी. दुसरी शक्यता म्हणजे यजमानाला दोन वाटा असणे. तारेच्या कार्डाचा हार्डवेअर पत्ता वेगळा असतो आणि वाय-फायचा वेगळा. लॅपटॉपच्या डॉकमध्ये तिसराच असू शकतो. माझ्या घरचे दुसरे कारण हेच होते. आरक्षण मी तारेच्या कार्डासाठी केले होते आणि तारेचे टोक सॉकेटमध्ये किंचित सैल होते. टेबल हलले की तार सुटे, डेस्कटॉप मुकाट्याने वाय-फायवर जाई, इंटरनेट चालूच राही आणि त्यामुळे खाली बसलेल्या कोणालाही काही बिघडल्याचे कळत नसे. फक्त माझी जोडणी तुटे. तार बदलली आणि वाय-फायसाठीही वेगळे आरक्षण करून ठेवले, तेव्हा हा प्रश्न मिटला.

पत्त्याऐवजी संगणकाच्या नावाने जोडणाऱ्यांनी जोडणी तुटल्यावर एकदा पत्त्याने प्रयत्न करावा. पत्त्याने जुळते आणि नावाने नाही, असे झाले तर यजमान निर्दोष आहे आणि नावावरून पत्ता शोधण्याची यंत्रणा अडली आहे. घरगुती नेटवर्कवर हा शोध बराचसा आसपास आरोळी देऊन घेतला जातो आणि ती आरोळी राउटर ओलांडून पलीकडे जात नाही.

घरात दोन राउटर असतील, म्हणजे सेवा पुरवणाऱ्याने दिलेला एक आणि आपण विकत घेऊन त्यामागे लावलेला दुसरा, तर एक चमत्कारिक लक्षण दिसते. आतल्या राउटरवरचा संगणक बाहेरच्या राउटरवरच्या यजमानाला जोडला जातो, पण उलट दिशेने जोडणी होत नाही. एकाचा पत्ता १९२.१६८.० ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१ ने सुरू होत असेल तर बहुधा हीच स्थिती असते. आतल्या राउटरला ॲक्सेस पॉइंट या अवस्थेत टाकले की सारी उपकरणे एकाच अंगणात येतात. घरी येणाऱ्या माणसांसाठीच्या गेस्ट वाय-फायवर असलेली उपकरणे घरच्या इतर संगणकांना सहसा मुद्दामच दिसू दिली जात नाहीत, हेही इथेच नमूद करतो. फोन किंवा लॅपटॉप आपणहून त्या नेटवर्कवर गेला की जोडणी तुटते आणि परत आला की जुळते.

फायरवॉल आणि व्हीपीएन

राउटर बदलला, वाय-फायचे नाव बदलले किंवा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नव्याने बसला की विंडोजला नेटवर्क नवे वाटते आणि ते पब्लिक म्हणून नोंदले जाऊ शकते. घरच्या नेटवर्कसाठी ते प्रायव्हेट करून घ्यावे आणि फायरवॉलच्या परवानगी यादीत रिमोट डेस्कटॉपपुढे प्रायव्हेटची खूण आहे ना, ते पाहावे. अँटिव्हायरसने स्वतःचे फायरवॉल आणले असेल तर विंडोजची यादी बरोबर असूनही उपयोग होत नाही.

यजमानावर कार्यालयाचे व्हीपीएन चालू असेल तर त्याच्या धोरणानुसार घरातल्या इतर संगणकांशी संपर्क तोडला जाऊ शकतो. सकाळी नऊला तुटणारी आणि संध्याकाळी आपोआप जुळणारी जोडणी पाहिली की मला सर्वप्रथम हाच संशय येतो. ते धोरण कार्यालयाने जाणूनबुजून ठेवलेले असते, तेव्हा ते चुकवण्याच्या युक्त्या शोधू नयेत. त्या वेळात यजमानासमोर बसूनच काम करावे.

ओळख नाकारली जाते तेव्हा

चौकट उघडते पण पासवर्ड चालत नाही, या अवस्थेत पहिला गैरसमज पिनचा असतो. यजमानासमोर बसून आपण जो पिन टाकतो तो त्या यंत्रापुरताच असतो. दुरून जोडताना खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खाते वापरणाऱ्यांनी नावाच्या जागी ईमेल पत्ता द्यावा आणि त्याआधी मायक्रोसॉफ्टअकाउंट हा शब्द व उलटी तिरपी रेघ लिहावी. यजमानावर सुरुवातीपासून पिननेच प्रवेश केला असेल तर पासवर्ड त्या यंत्राला ठाऊकच नसतो आणि तो बरोबर असूनही नाकारला जातो. पासवर्डऐवजी फक्त विंडोज हॅलो, म्हणजे पिन, बोट किंवा चेहरा, वापरण्याचे सेटिंग बंद करून यजमानावर एकदा पासवर्डने प्रवेश केला की ही अडचण दूर होते. पासवर्डच नसलेल्या स्थानिक खात्याला दुरून प्रवेश मिळत नाही आणि तो मिळू नये हेच योग्य आहे.

पासवर्ड नुकताच बदलला असेल तर पाहुण्या संगणकाच्या, पासवर्ड साठवून ठेवणाऱ्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद पुसावी. जुना पासवर्ड पुन्हापुन्हा पाठवला गेला की खाते कुलूपबंद होऊ शकते. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकांवर १० चुकीच्या प्रयत्नांनंतर १० मिनिटांचे कुलूप मुळातच लावलेले असते. काही न करता थोड्या वेळाने प्रवेश मिळाला तर हे कारण आठवावे. यजमानाच्या सिक्युरिटी नोंदींत ४६२५ क्रमांकाच्या नोंदींची रांग त्याची साक्ष देईल. दोहोंपैकी एका संगणकावर २०१८ नंतरच्या सुधारणा बसलेल्याच नसतील तर क्रेडएसएसपीचा, म्हणजे ओळख पटवण्याच्या एका पद्धतीचा, उल्लेख असलेला संदेश येतो. जालावर त्यावर सुरक्षा सैल करण्याचा उपाय सुचवला जातो. तसे न करता मागे पडलेला संगणक अद्ययावत करावा.

यजमानाच्या ओळखपत्राविषयीचा इशाराही अधूनमधून परत येतो. घरगुती यजमान आपले प्रमाणपत्र स्वतःच तयार करतो, त्याची मुदत सहा महिन्यांची असते आणि ती संपली की तो नवे तयार करतो. म्हणून सहा महिन्यांनी येणारा इशारा स्वाभाविक असतो. मध्येच आला तर मात्र पत्ता तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण आपण भलत्याच यंत्राच्या दारात उभे असू शकतो.

जुळते पण टिकत नाही

घरी वापरल्या जाणाऱ्या विंडोजवर, प्रो आवृत्तीवरही, एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. खाली कोणी यजमानासमोर बसून प्रवेश केला की वरची जोडणी तुटते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये टर्मिनलसर्व्हिसेस-लोकलसेशनमॅनेजर या नावाखाली सत्रांच्या नोंदी असतात. २१ म्हणजे प्रवेश, २४ म्हणजे तुटणे आणि २५ म्हणजे पुन्हा जुळणे. तुटण्याच्या नोंदीला लागूनच दुसऱ्या खात्याचा प्रवेश दिसला तर उपाय संगणकात नाही, घरातल्या माणसांशी वेळ ठरवून घेण्यात आहे.

प्रवेश झाल्यावर पडदा काळाच राहिला तर कंट्रोल, ऑल्ट आणि एंड या कळा एकत्र दाबाव्यात. एरवी कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने उघडणारे पान त्याने यजमानावर उघडते. ते उघडले तर जोडणी जिवंत आहे आणि तिथून टास्क मॅनेजरमध्ये जाऊन एक्सप्लोरर पुन्हा सुरू करता येतो. काळा पडदा वरचेवर येत असेल तर यजमानाच्या ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या धोरणांच्या यादीत, रिमोट डेस्कटॉपसाठी डब्ल्यूडीडीएम डिस्प्ले ड्रायव्हर वापरण्याचे धोरण बंद करून पाहावे. चित्र मध्येच गोठत असेल तर पाहुण्या संगणकावर यूडीपी ही पोचपावती न घेणारी वाहतुकीची पद्धत बंद करण्याचे धोरण लावावे. मग सारी वाहतूक टीसीपीवरून जाते, थोडी संथ पण स्थिर. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलू नयेत, नाहीतर गुण कशाने आला ते समजणार नाही.

घराबाहेरून जोडताना

राउटरमध्ये ३३८९ हे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून देण्याचा सल्ला आजही मिळतो आणि तो धोक्याचा आहे. मे २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ब्लूकीप या त्रुटीत जुन्या विंडोजवर पासवर्डशिवाय आत शिरता येत होते आणि ती इतकी गंभीर होती की मदत थांबलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. पोर्टचा क्रमांक बदलल्याने हा धोका टळत नाही. घरी वायरगार्डसारखे व्हीपीएन उभारावे आणि त्यातूनच यजमानाकडे जावे. सेवा पुरवणाऱ्याने राउटरला १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होणारा पत्ता दिला असेल तर तो अनेक ग्राहकांत वाटलेल्या सामाईक पत्त्याच्या मागचा असतो आणि त्यावर बाहेरून हाक पोहोचत नाही; अशा वेळी दोन्ही टोकांकडून बाहेरच्या मध्यस्थाशी जोडणी करणारी व्हीपीएन सेवा लागते.

व्हीपीएनमधून नाव-पासवर्ड मान्य होतो आणि नंतर पडदा अडकतो, हे लक्षण पाकिटाच्या आकाराचे असते. साध्या नेटवर्कवर १५०० बाइटांचे पाकीट जाते. वायरगार्ड आपले वेष्टण चढवत असल्याने आत सहसा १४२० बाइटच ठेवते आणि वाटेतला एखादा दुवा याहून अरुंद असला तर छोटी पाकिटे पोहोचतात, मोठी गळतात. हा आकडा १२८० वर आणून पाहावा. दोन्ही ठिकाणची नेटवर्के १९२.१६८.१ नेच सुरू होत असतील तर पाहुणा यजमानाला आपल्याच खोलीत शोधत बसतो. घरच्या राउटरची पत्त्यांची मालिका बदलून कमी वापरातली एखादी मालिका घ्यावी.

यजमानाच्या बूट डिस्कवर सुरुवातीलाच पिन मागणारे बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कचे कुलूप, असेल तर दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणाऱ्या सुधारणांनंतर तो त्या पिनची वाट पाहत थांबलेला असू शकतो. त्या अवस्थेत विंडोज सुरूच झालेले नसते, म्हणून दुरून काहीही करता येत नाही. बाहेरगावी जाण्याआधी सुधारणा बसवून आणि पिन टाकून निघावे.

दुरुस्ती झाली, हे कसे ठरवावे

जोडणी जुळली म्हणजे दुरुस्ती झाली असे धरू नये; ज्या प्रसंगाने ती तुटत होती तो प्रसंग मुद्दाम घडवून पाहावा. यजमान झोपवून दुरून उठवावा, पाच मिनिटे काहीही न करता थांबावे आणि मग जोडून पाहावे. राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करावा. तार काढावी, जोडणी जुळते का पाहावे, तार पुन्हा लावावी आणि जोडणी पुन्हा करून पाहावी. रात्रभर यजमान बंद ठेवून सकाळी पत्ता तपासावा. माझ्या डेस्कटॉपला मी हे चारही प्रकार एका शनिवार-रविवारी करून पाहिले आणि तिसऱ्या प्रकारात वाय-फायच्या आरक्षणात हार्डवेअर पत्त्याचा एक आकडा चुकीचा लिहिल्याचे सापडले. ते न सापडते तर पुढच्या वेळी टेबल हलताच मी पुन्हा खाली जाऊन बटण दाबले असते.